सांगोल्याचे गणपतआबा: अकरा विजयांपेक्षा दोन पराभवांवर बोलूया का?

कोरडवाहू

परवा एका व्हॉट्सॅप ग्रुपवर पुन्हा तो फॉरवर्ड आला, "अकरा वेळा आमदार, एकच पक्ष, एकच मतदारसंघ, एसटीने प्रवास, असा नेता पुन्हा होणे नाही" वगैरे. फोटो अर्थातच सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे, शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष) भाई गणपतराव देशमुख यांचा. त्यातलं काही खोटं नाही, पण दरवेळी तेवढंच वाचून कंटाळा यायला लागलाय. म्हणजे माणूस चांगला होता, साधा होता, झालं? साधे उमेदवार महाराष्ट्रात ढिगाने झाले आणि बहुतेकांची अनामत रक्कम गेली. हा माणूस १९६२ ला पहिल्यांदा निवडून आला तेव्हा यशवंतराव मुख्यमंत्री होते, आणि २०१९ ला थांबला तेव्हा फडणवीस होते. मधे किती पक्ष फुटले, किती जुळले, याचा काही हिशोब आहे का.

आधी नुसती जंत्री देतो म्हणजे पुढे गोंधळ नको. १९६२, १९६७ विजय. १९७२ पराभव. १९७४ पोटनिवडणुकीत विजय. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० सलग. १९९५ पराभव. मग १९९९, २००४, २००९, २०१४ पुन्हा सलग. झाले अकरा. २०१९ ला उभे राहिले नाहीत, ३० जुलै २०२१ ला गेले.

आता माझा मुद्दा. लोक अकराचं कौतुक करतात, मला ते दोन पराभव जास्त बोलके वाटतात. १९७२ म्हणजे बांगलादेश युद्धानंतरची इंदिरा लाट, त्यात भलेभले वाहून गेले, ते समजू शकतो. पण १९९५ ला राज्यभर काँग्रेस आपटली, युतीचं सरकार आलं, आणि सांगोल्यात मात्र काँग्रेसचा एक तरुण उमेदवार जिंकला, तोही १९२ मतांनी! पाच निवडणुका लागोपाठ जिंकलेला माणूस १९२ मतांनी पडतो. आणि तो तरुण कोण, तर शहाजीबापू पाटील. तेच ते, काय झाडी काय डोंगार वाले. २०२२ नंतर सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखायला लागला, पण सांगोल्याला ते १९९५ पासून माहीत आहेत.

तर प्रश्न असा की, ज्याला आपण 'अभेद्य बालेकिल्ला' म्हणतो तो खरंच अभेद्य होता का, की दरवेळी घाम गाळून राखलेला होता? मला दुसरं वाटतं. आणि त्यातच त्या माणसाचं खरं राजकारण आहे असंही वाटतं, एसटीच्या पासात नाही.

पुणेकर_जुना

छान धागा. पण एक राहिलं, देशातला विक्रम आहे हा. करुणानिधींचा रेकॉर्ड मोडला होता त्यांनी.

वकीलसाहेब

@पुणेकर_जुना हे वाक्य बातम्यांतून इतक्यांदा फिरलंय की आता पाठ झालंय, पण ते बरोबर नाही. करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही पडले नाहीत, फक्त मतदारसंघ बदलत गेले. बरं, 'एकच मतदारसंघ' अशी अट घातली तरी केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा आले, तेही न हरता. ओमन चांडी पुथुपल्लीतून बारा वेळा. गणपतराव २०१४ ला अकरावर पोचले तेव्हा मणी आधीच बारावर होते.

महाराष्ट्रात मात्र त्यांच्या जवळपास कोणी नाही. आत्ताच्या सभागृहात कालिदास कोळंबकर नऊ वेळचे आहेत, पण तिथे शिवसेना, काँग्रेस, भाजप असा प्रवास आहे. बाळासाहेब थोरात १९८५ पासून संगमनेरला सलग आठ वेळा आले आणि २०२४ ला नवव्या निवडणुकीत पडले.

पुणेकर_जुना

बरं मग महाराष्ट्राचा विक्रम म्हणा. त्याने काय फरक पडतो, माणूस मोठाच होता.

वकीलसाहेब

फरक एवढाच की मणी आणि चांडी मंत्री, मुख्यमंत्री राहिले, सत्तेच्या आतबाहेर होत राहिले. गणपतराव पन्नास वर्षांपैकी सत्तेत किती? १९७८ चं पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार, ते फेब्रुवारी १९८० ला बरखास्त झालं. मग थेट १९९९ ला विलासरावांचं सरकार, त्यात पणन आणि रोजगार हमी खातं, आणि २००२ ला शेकाप त्यातूनही बाहेर पडला. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकावर. विरोधात बसून अकरा वेळा निवडून येणं हे मला तरी जास्त अवघड वाटतं. सत्तेतल्या आमदाराकडे निधी असतो, बदल्या असतात. याच्याकडे काय होतं?

माणदेशी_पोर

काय होतं ते मी सांगतो, आमचं गाव सांगोल्याला लागूनच हाय. सूतगिरणी होती, आणि रोजगार हमी होती.

बाहेरच्यांना कळत नाही की सांगोला म्हणजे काय. माण नदी नावाला नदी, वर्षातले बहुतेक महिने वाळू. पाऊस कुठं कोकणात अडकतो, आमच्याकडं येईस्तोवर ढग नुसते तोंड दाखवून जातात. अशा तालुक्यात दर दुष्काळाला लोक निघून जायची, कोण ऊसतोडीला, कोण मुंबईला, कोण गलाई (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला. हमीची कामं कुठं सुरू झाली, मजुरी निघाली का, मस्टर (मजुरांचा हजेरीपट) भरलं का, हे आबासाहेब स्वतः बघायचे, मुंबईत तेच मांडायचे आणि गावात येऊन तेच विचारायचे. आमच्या आज्ज्याच्या तोंडी कायम एकच, 'आमदार म्हंजे मस्टर बघणारा माणूस'. आता हे कुठल्या भाषणात येत नाय, पण मत त्याच्यावर पडतं.

आणि शेतकरी सहकारी सूतगिरणी. गंमत बघा, आमच्या तालुक्यात कापूस पिकत नाय! बाहेरून कापूस आणून सूत काढायचं. राज्यातल्या किती सहकारी सूतगिरण्या बुडाल्या, भंगारात गेल्या, ही चालली. त्यांचे अंत्यसंस्कार पण गिरणीच्या आवारातच झाले, कोरोना होता तरी माणसं मावत नव्हती.

कोरडवाहू

@माणदेशी_पोर हेच हवं होतं. रोहयोबद्दल अजून एक जोडतो. १९९० ला रोहयोशी जोडलेली फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदान, खड्डे खणायचे आणि झाडं जगवायची मजुरीसुद्धा सरकार देणार. सांगोल्याच्या माळावर डाळिंब पसरलं त्यामागे हे एक मोठं कारण. आधी गणेश वाण, मग भगवा. ज्या जमिनीत बाजरी धड येत नव्हती तिथे लोकांनी ठिबकवर बागा उभ्या केल्या, बंगले बांधले, पोरं पुण्याला शिकायला पाठवली. म्हणजे ९५ ला जे मतदार होते ते ७४ चे मतदार नव्हते. बागायतदार झालेल्या माणसाला मस्टर बघणारा आमदार लागत नाही, त्याला पाणी आणि वीज लागते. १९२ मतांचं मला तरी असं वाटतं की तिथे मतदार बदलला होता आणि पक्षाची भाषा तीच राहिली होती.

ताईसाहेब_सोलापूर

थोडं असहमत. १९९५ ला इतकं समाजशास्त्र नव्हतं हो. बापू बोलण्यात वाघ, गावोगाव फिरलेले, आणि 'किती वर्षं तेच ते' ही भावना कुठेही येतेच. १९२ मतं म्हणजे दोन वाड्यावस्त्या इकडच्या तिकडे झाल्या की संपलं. त्यातून इतका मोठा निष्कर्ष नका काढू. मतदार बदलला होता तर १९९९ ला तोच मतदार परत कसा आला? आणि पुढे २०१४ पर्यंत बापू आबांसमोर परत निवडून आले नाहीत ते का?

कोरडवाहू

@ताईसाहेब_सोलापूर प्रश्न बरोबर आहे, माझं उत्तर पाणी. ९५ च्या आसपास आबांनीच विषय बदलला. १९९३ ला आटपाडीला पाणी परिषद सुरू झाली, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव, तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ. मागणी साधी होती, कृष्णेचं पाणी आमच्या वाट्याचं द्या, आणि समान द्या. त्याआधी लोक टँकर आणि चारा छावण्या मागायचे, आता हक्काचं पाणी मागायला लागले. ९९ ला ते परत आले तेव्हा फक्त हमीवाले आबा नव्हते, पाणीवाले आबा होते. असं माझं म्हणणं.

खडूस_काका

पाणीवाले म्हणे. पन्नास वर्षं आमदार, आणि पाणी कधी आलं? टेंभूचं पाणी कऱ्हाडवरून उचलून खानापूर आटपाडी करत शेवटी सांगोल्याला, म्हैसाळचं मिरजेवरून जत करत शेवटी सांगोल्याला, नीरा उजवा कालवा फलटण माळशिरस पंढरपूर करत शेवटी सांगोल्याला. प्रत्येक योजनेत तुम्ही शेपटाला! वजनदार आमदार असता तर शेपटाला राहिला असता का? शेजारी माळशिरसला मोहिते पाटलांनी काय केलं बघा, अकलूज बघा आणि सांगोला बघा. निष्ठा बिष्ठा ठीक आहे, पण पक्ष न बदलल्याची किंमत तालुक्याने दिली असं मी म्हटलं तर राग येऊ देऊ नका.

माणदेशी_पोर

काका राग नाय, पण अकलूजशी तुलना म्हंजे काय? तिथं इंग्रजांच्या काळापासून नीरेचं पाणी आलंय. आमच्यासाठी पाणी उचलायचं म्हणलं की टप्प्याटप्प्याने पंप, शेकडो मीटर उचल, त्याचं वीजबिल कोण भरणार ह्याच्यावरच वर्षानुवर्षं भांडण. भूगोल आमदार बदलत नसतो.

वकीलसाहेब

खडूसकाकांच्या मुद्द्यात तथ्य आहे पण अर्धंच. कृष्णा खोरे महामंडळ १९९६ ला झालं ते युतीच्या काळात, आणि घाई यासाठी होती की कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं दिलेलं पाणी २००० सालापर्यंत अडवलं नाही तर वाटपाचा फेरविचार होणार होता. म्हणजे योजनांना मुहूर्त लागला त्याला चळवळीचा रेटा होता तसा लवादाच्या मुदतीचाही होता. श्रेय एकट्या कुणाचं नाही. आता उजनीच्या पाण्यावर सांगोला उपसा सिंचन योजना आहे, बाळासाहेब ठाकरेंच्या नावाची, तिचं श्रेय बापू घेतात. आमदार बदलला की श्रेयाची पाटी बदलते, पाईप तेच.

रानडुक्कर_७२

मी काय म्हणतो, एवढं सगळं बोलताय, जातीचं कोणीच बोलत नाहीये. सांगोल्यात धनगर समाज मोठा, आबा धनगर समाजातले, सरळ गणित आहे. विक्रम वगैरे सगळं नंतर.

ताईसाहेब_सोलापूर

@रानडुक्कर_७२ गणित इतकं सरळ असतं तर ७२ आणि ९५ ला उत्तर चुकलं कसं? २०१९ ला नातू उभा होता, तोच समाज, तेच घर, ७६८ मतांनी गेला. जात धरून चाला, नाही कोण म्हणतंय, पण एका जातीवर विधानसभा अकरा वेळा निघत नाही. मराठा, माळी, दलित वस्त्या, सगळीकडून मत यायचं. शेकापची ठेवण तशीच होती, गावात लाल बावटा धरणारी घरं जातीने मोजता यायची नाहीत.

आणि हो, ते मूळ सांगोल्याचे पण नव्हते. मोहोळ तालुक्यातलं पेनूर. वकिली करायला आले आणि तिथलेच झाले.

लालबावटा

शेकापचा विषय निघालाच आहे तर जरा अवांतर. आजच्या पोरांना वाटतं शेकाप म्हणजे अलिबागचा पक्ष. अहो १९६२ ला काँग्रेसच्या २१५ जागा आल्या होत्या २६४ पैकी, आणि तेव्हा विरोधकांत शेकाप हा मोठा पक्ष होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काढलेला, दाभाडीचा प्रबंध (पक्षाची वैचारिक भूमिका मांडणारा) वगैरे. जेधे परत काँग्रेसमध्ये गेले, मोरेही गेले, मग गळतीच लागली. तरी उद्धवराव पाटील उस्मानाबादला, केशवराव धोंडगे कंधारला, दि. बा. पाटील रायगडला, एन. डी. पाटील, कृष्णराव धुळूप, काय एकेक माणूस होता. सभागृहात उभे राहिले की मंत्री फायली चाळायला लागायचे.

आता बघा. २०१४ ला तीन आमदार: सांगोला, अलिबाग, पेण. २०१९ ला एक, लोह्याचा. २०२४ ला परत एक, सांगोल्याचा. म्हणजे आमदार वाढत गेला आणि पक्ष आटत गेला. गणपतआबांनी मतदारसंघ राखला पण पक्षाला दुसरा गणपतराव कुठे तयार करता आला नाही, हे कटू वाटलं तरी बोललं पाहिजे.

खडूस_काका

@लालबावटा प्रथमच तुमच्याशी सहमत. आणि शेवटी वारसा नातवांकडेच गेला ना? घराणेशाहीला शिव्या देणारा पक्ष.

लालबावटा

गेला खरा, पण कसा गेला ते बघा. २०१९ ला आबा थांबतो म्हणाले तर कार्यकर्ते रडायला लागले, तुम्हीच उभे राहा म्हणून. त्यावेळी त्यांचं वय नव्वदीच्या पुढे. पक्षाने आधी घराबाहेरच्या माणसाचं नाव जाहीर केलं होतं, घराणेशाही करायची असती तर हे कशाला केलं असतं? कार्यकर्त्यांनी ते चालू दिलं नाही आणि मग डॉ. अनिकेतना उभं केलं. आणि ७६८ नी गेले. घरच्या नावाला मत मागणारी जनताच असते बरं का, नुसतं पुढाऱ्यांना बोलून काय उपयोग.

कोरडवाहू

इथेच माझा मूळ मुद्दा परत येतो. १९९५ ला १९२, २०१९ ला ७६८. दोन्ही वेळा जिंकणारे शहाजीबापू, मधे चोवीस वर्षं. पहिल्यांदा काँग्रेसकडून, दुसऱ्यांदा शिवसेनेकडून. म्हणजे सांगोल्यात इतकी वर्षं दोन घट्ट गट आहेत आणि मधला एक पातळ थर इकडे तिकडे होतो. २०१४ ला ८७-८८ वर्षांचा माणूस पंचवीस हजारांनी जिंकतो, पाच वर्षांनी त्याचा नातू आठशेच्या आत हरतो, म्हणजे ती पंचवीस हजार मतं पक्षाची नव्हती, त्यांची स्वतःची होती. ही मतं नातवाच्या नावावर आपोआप चढत नाहीत.

ताईसाहेब_सोलापूर

आणि मग २०२४? दुसरे नातू डॉ. बाबासाहेब उभे राहिले आणि परत पंचवीस हजारांच्या वर मताधिक्य! चढली की मतं.

कोरडवाहू

२०२४ तिरंगी होती. बापू शिंदे सेनेकडून, दीपकआबा साळुंखे उद्धव सेनेकडून, बाबासाहेब शेकापकडून. साळुंख्यांना पन्नासेक हजार मतं पडली. आघाडीत असूनही ठाकरेंनी वेगळा उमेदवार दिला, तेव्हा वाटलं होतं शेकापची मतं फुटतील. फुटली दुसऱ्याच बाजूची, असं मला वाटतं. साळुंखे गट एकदा कुणाच्या पारड्यात पडला की सांगोला तिकडे झुकतो, हे तिकडचं कुणीही सांगेल.

माणदेशी_पोर

तिरंगी बिरंगी खरं, पण अजून एक हाय. डाळिंबाचं काय झालं ते बघा की. तेल्या रोग आधीपासून होताच, २०२१-२२ ला खोडाला भोकं पाडणारी कीड आली, पिन होल बोरर, बागाच्या बागा उपटून फेकल्या लोकांनी. ज्यांनी डाळिंबावर बंगले बांधले त्यांनीच डोक्याला हात लावला. अशा टायमाला आमदार गुवाहाटीत झाडी बघतोय हा व्हिडिओ सगळ्या राज्याला गमतीचा वाटला, आमच्यात सगळ्यांनाच नाय वाटला. बापू माणूस दिलखुलास, त्यात वाद नाय, पण माणसं दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघतात.

पुणेकर_जुना

ते एसटीचं खरं आहे का पण? आमदारांना पास असतोच ना, सगळेच घेतात.

ताईसाहेब_सोलापूर

पास सगळेच घेतात, बसतात किती? खरं आहे, सोलापूर भागात एसटीत त्यांना पाहिलेली माणसं भरपूर भेटतील. आमदाराची राखीव सीट असते तिथे. पण धागाकर्ते म्हणतात तसं, त्याचंच किती गोडवं गायचं. मला त्यापेक्षा ऑगस्ट २०२३ ची गोष्ट आठवते, सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण, एकाच मंचावर पवारसाहेब आणि फडणवीस. राष्ट्रवादी फुटून महिना उलटला होता, आदल्या दिवशी पुण्यात काका-पुतण्याची भेट गाजलेली, सगळे कॅमेरे त्याच्याचसाठी आले होते. पुतळ्याकडे कोण बघतंय!

खडूस_काका

हयातभर पक्ष न बदललेल्या माणसाच्या पुतळ्याला कोण कोण आलं होतं त्याची यादी करा, धागा रंगेल.

संपादक_मंडळ

काका, यादी नको :) धागा विषयावर राहू द्या.

नवखा_९८

एक शंका. मी निवडणूक आयोगाच्या साइटवरचे जुने अहवाल उघडून सांगोला शोधलं, तर त्यांचे दहाच विजय मोजता येतात. अकरावा कुठे गेला? काही ठिकाणी लोक दहा पण लिहितात म्हणून विचारतोय.

वकीलसाहेब

@नवखा_९८ ते अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे आहेत. १९७४ ची पोटनिवडणूक त्यात येत नाही, १९७२ च्या अहवालात सांगोल्याला काँग्रेसच दिसणार. ती वेगळी धरा म्हणजे अकरा होतात. १९७८ आणि १९८० दोन्ही मोजलेत ना? दोन वर्षांचं अंतर बघून काही जण एक गाळतात.

नवखा_९८

हो ते दोन्ही धरलेत. म्हणजे पोटनिवडणूकच राहिली होती. धन्यवाद. १९७४ च्या मतांचे आकडे कुणाकडे जुन्या पेपरच्या कात्रणात असतील तर इथे टाका प्लीज, मी सांगोल्याचा १९६२ पासूनचा तक्ता करतोय.

माणदेशी_पोर

आमच्याकडं एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी कात्रणांची ट्रंक हाय. दिवाळीत गावी गेलो की बघतो, वाळवीनं काय ठेवलं असंल तर.